दारावरचा कागद

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी मी एक कागद चिकटवला. त्यावर अकरा कलमं होती. दूध-भाजी घेण्याच्या वेळा, लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, गच्चीला कुलूप, असं बरंच काही. सातवं कलम होतं, ‘बाहेरील व्यक्तींना आवारात प्रवेश नाही. यात धुणीभांडी, स्वयंपाक व झाडलोट करणाऱ्या महिलांचा समावेश आहे.’ नववं होतं, ‘कोणाच्याही घरी ताप, सर्दी, खोकला असल्यास कमिटीला त्वरित कळवावे. माहिती लपवल्याचे आढळल्यास पोलिसांत तक्रार केली जाईल.’ आणि अकरावं, ठळक अक्षरांत, ‘नियम पाळणे ही प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी आहे.’ खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही.

कागद दोन वर्षं तिथेच राहिला. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले आणि मी तो काढायला गेले. पिवळा पडला होता, कडा सॅनिटायझरच्या थेंबांनी फुगल्या होत्या. नवव्या कलमाखाली कुणीतरी बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘कळवल्यावर काय करणार?’

दोन वर्षं मी त्या कागदासमोर उभी राहून लिफ्टची वाट पाहत होते. ती ओळ माझ्या नजरेला पडली नव्हती. चोवीस फ्लॅटपैकी कुणाचं अक्षर ते, हे मी शोधलं नाही, शोधावंसंही वाटलं नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. या पुस्तकातल्या हकिकती गोळा करायला आम्ही तिघीजणी बाहेर पडलो, त्याचं कारण ती पेन्सिलीची ओळ आहे.

गंगापूर रोड हा फक्त एक रस्ता नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. अशोक स्तंभापाशी जुनं नाशिक संपतं तिथून तो निघतो, केटीएचएम कॉलेज, विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल मागे टाकत आनंदवलीला पोहोचतो आणि पुढे सोमेश्वरावरून गंगापूर गावाकडे, धरणाकडे जातो. शहर ज्या धरणाचं पाणी पितं ते या रस्त्याच्या टोकाला आहे. शहरातल्या हालचालींवर बंधन घालणारे आदेश ज्या पोलीस आयुक्तालयातून निघत होते तेही याच रस्त्यावर आहे. दुतर्फा बंगले, सोसायट्या, दवाखाने, क्लास, लग्नाची लॉन्स. आणि त्यांच्या मागे, दोन-तीन गल्ल्या आत गेलं की गावठाणाची बैठी घरं आणि कामगारांच्या वस्त्या. सकाळी सात वाजता त्या घरांतून बायका निघतात आणि पुढच्या इमारतींत शिरतात. माझ्या सातव्या कलमातल्या ‘बाहेरील व्यक्ती’ त्याच. त्यांच्यातल्या कित्येकींची चौथी पिढी इथे नांदते आहे. मी या रस्त्यावर १९९४ साली राहायला आले.

आम्ही लोकांकडे गेलो तेव्हा आमच्या वहीत प्रश्न लिहिलेले होते. निर्बंध पटले का? मास्क नियमित लावला का? दंड भरला का? पहिली पाच-दहा मिनिटं सगळेजण एकच सांगत: आम्ही तर सगळं पाळलं, लोकच ऐकत नव्हते. हे ‘लोक’ कोण, ते प्रत्येकाचं वेगळं. फ्लॅटमधल्यांना वस्तीतले, वस्तीतल्यांना बंगल्यातले, म्हाताऱ्यांना तरुण, तरुणांना सकाळी फिरायला निघणारे म्हातारे. मग चहा यायचा, वही मिटायची, आणि अर्ध्या तासानं खरी गोष्ट सुरू व्हायची. ती नियम पाळल्याची नसायची, मोडल्याचीही नसायची. लपवल्याची असायची. ताप लपवला. चाचणी दुसऱ्याच पत्त्यावर केली. मुंबईहून मुलगा रात्री आला ते लपवलं. घरात कुणी गेलं ते चार दिवस सांगितलं नाही. नोकरी गेली हे बायकोपासून लपवलं आणि रोज ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणून खोलीचं दार लावून बसलो. एकामागून एक अशा हकिकती ऐकताना माझ्या ध्यानात आलं की महासाथीच्या काळातल्या जबाबदारीबद्दल आपण जे बोलत आलो ते चुकीच्या टोकाकडून. माणूस बेफिकीर का होतो, हे आपण विचारत राहिलो. तो लपवतो का, हे विचारलंच नाही.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, आणि ज्या कायद्याखाली महाराष्ट्रानं १३ मार्च २०२० ला निर्बंधांना सुरुवात केली तो कायदाच त्याची आठवण वागवतो. साथरोग कायदा १८९७ चा. जेमतेम चार कलमांचा. मुंबई इलाख्यात प्लेग शिरला तेव्हा घाईघाईनं केलेला. त्यात सरकारला काय काय करता येईल ते आहे, आजारी माणसाला काय मिळेल याबद्दल अक्षर नाही. पुण्यात त्या वर्षी रँडच्या प्लेग समितीचे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत होते. संशयित रोगी इस्पितळात, घरचे छावणीत, सामानाची होळी. परिणाम काय झाला? रोगी लपवले जाऊ लागले, प्रेतं गुपचूप पुरली जाऊ लागली. ज्या उपायानं साथ आटोक्यात यायची त्याच उपायानं ती दाराआड गेली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. त्याआधीच्या तीन महिन्यांत घराघरांत काय लपवलं जात होतं, ते शिकत नाही. आणि हे केवळ पुण्यापुरतं नव्हतं. १८९८ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, सिन्नरला, प्लेगच्या उपाययोजनांविरुद्ध दंगल उसळली. त्याच वर्षी ९ मार्चला मुंबईत तेच घडलं. पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली.

लोकमान्य टिळकांची त्या काळातली भूमिका मला आज जास्त महत्त्वाची वाटते. सोल्जरांच्या वर्तनावर त्यांनी कोरडे ओढले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुण्यातली पुढारी मंडळी शहर सोडून जात असताना ते तिथेच राहिले आणि हिंदू प्लेग इस्पितळ उभं करण्याच्या कामात पडले, हे कमी सांगितलं जातं. झडती नको म्हणणाऱ्यानं रोग्याला जायला दुसरी जागा करून दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. सावित्रीबाई फुल्यांनी तर त्याहून साधं आणि अवघड काम केलं. मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता, मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन येताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. साथीच्या काळातली जबाबदारी म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ चित्र माझ्यापाशी नाही. आजारी माणसानं स्वतःला लपवू नये, असं वाटत असेल तर त्याला उचलायला कुणी तरी आलं पाहिजे.

माझी आजी निफाड तालुक्यातली. तिच्या लहानपणी प्लेग दर दोन-चार वर्षांनी फेरी मारून जाई. ती सांगायची, घरात उंदीर पडला की बाई आधी शेजारणीला सांगायची. दोन दिवसांत गाव रिकामं होई. माणसं आपापल्या शिवारात खोपटी घालून राहत, चूल तिथे, गुरं तिथे. कुणाला जागा नसेल त्याला दुसऱ्याच्या बांधावर जागा मिळे. साथ ओसरली की घरं शेणानं सारवून परत. फौजदार लागत नसे. अर्थात ही जागा सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. गावकुसाबाहेरच्यांची खोपटी तिथेही गावकुसाबाहेरच. पण एवढं खरं की उंदीर पडला हे सांगण्यात त्या बाईचं नुकसान नव्हतं, उलट सांगितल्यानं तिचं घर वाचत होतं. म्हणून ती सांगत होती.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही आमच्याच परिसरातलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन ज्यांनी वाचलं असेल त्यांना २०२० चं स्वयंपाकघर ओळखीचं वाटलं असणार. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू तिथे धुऊनच आत यायची आणि त्या धुण्यापायी घरच्या बायकामुलांचे हाल व्हायचे. आम्हीही दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात ठेवलं, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली. विषाणू मुख्यतः हवेतून, श्वासातून पसरतो हे स्पष्ट झाल्यावरही ते धुणं थांबलं नाही. कारण ते धुणं आपल्याला येत होतं. पिढ्यान् पिढ्या येत होतं. हवा खेळती ठेवण्यापेक्षा, खिडकी उघडण्यापेक्षा कुणाला तरी दाराबाहेर ठेवणं आपल्या हाताला जास्त सवयीचं होतं. आजाराची भीती आणि विटाळाची भीती यांत फरक करायला मी शिकले नव्हते. माझं सातवं कलम त्यातून आलं, असं आज मला स्पष्ट दिसतं.

मार्च २०२० मध्ये राज्यात घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली. मतदानाला वापरतात तीच न पुसणारी शाई. उद्देश समजण्यासारखा होता. पण शिक्का दिसला म्हणून प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवल्याची बातमी आली, आणि त्यानंतर शाई कशानं जाते याच्या युक्त्या फोनवर फिरू लागल्या. मग दारावरची स्टिकरं आली, सोसायटीच्या फाटकाला ठोकलेले पत्रे आले, ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा फलक आला. आमच्या समोरच्या इमारतीला पत्रे ठोकले तेव्हा खिडक्यांतून फोटो काढणारे हात मी मोजले होते. अकरा. दारावर अशा नोटिसा लावण्याची सरसकट प्रथा चुकीची आहे, सक्षम अधिकाऱ्यानं एखाद्या प्रकरणात आदेश दिला तरच लावाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं. तोवर पहिली लाट येऊन गेली होती.

शिक्षा केवळ सरकारच करतं असंही नाही. जपानमध्ये पहिल्या लाटेत लोकांना घरात बसवण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. सरकारनं फक्त संयमाची विनंती केली आणि बहुतेकांनी ती मानली. पण तिथेही काही नागरिक स्वतःहून पहारेकरी झाले. उघड्या दुकानांवर धमकीच्या चिठ्ठ्या, परगावच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर ओरखडे. या लोकांना तिथे ‘जिशुकु केइसात्सु’, म्हणजे संयमाचे पोलीस, असं नावच पडलं. हे वाचताना मला आमचा सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवत होता.

आता मालेगावबद्दल. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात मालेगावची चर्चा होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथले रुग्ण झपाट्यानं वाढले आणि ‘ती माणसं ऐकतच नाहीत’ हे वाक्य इथे रोज म्हटलं गेलं. ‘ती माणसं’ म्हणताना काय म्हणायचं असे ते सगळ्यांना कळत होतं. मीही ते वाक्य म्हटलं आहे. मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. एका खोलीत आठ-दहा माणसं, आणि ती एका वेळी सगळी कधीच घरात नसतात. काही पाळीला गेलेली, काही झोपलेली. माग बंद करून ‘घरात राहा’ म्हटलं की ती सगळी एकदम त्या खोलीत. गल्लीत येऊन उभं राहणं हा त्यांचा बेजबाबदारपणा नव्हता, तेवढीच मोकळी हवा होती. त्यात खाजगी दवाखाने बंद झाले. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांना डॉक्टर मिळेना. त्या महिन्यात कब्रस्तानातले दफन वाढले, त्यांतले कितीतरी कोरोनाखेरीजच्या आजारांनी गेलेले. पुढे दवाखाने उघडवले, गल्लीतल्या डॉक्टरांना आणि मौलवींना बरोबर घेतलं, विलगीकरणाच्या जागी माणसासारखं खायला-प्यायला मिळू लागलं, तेव्हा लोक स्वतःहून पुढे येऊ लागले. जूनपर्यंत मालेगाव सावरलं होतं. धारावीतही तेच घडलं. तिथे ताप तपासायची शिबिरं वस्तीतच भरली, ओळखीचे डॉक्टर दारात आले, शाळेतल्या विलगीकरणात जेवण होतं. जिथे बहुसंख्य लोक सार्वजनिक संडास वापरतात अशा वस्तीला ‘अंतर पाळा’ सांगून भागणार नव्हतं, हे तिथल्या यंत्रणेनं मान्य केलं. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं तेव्हा इथल्या अनेकांना आश्चर्य वाटलं. आश्चर्य वाटलं, यातच आपला दोष आहे.

त्याच दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालत जात होती. जिल्ह्याच्या हद्दीत अडवून त्यांना निवारा केंद्रांत ठेवलं होतं आणि १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे राज्यातली पहिली श्रमिक गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी लखनौची. आमच्या पुस्तकात एका टेम्पोचालकाची हकिकत आहे. तो पाथर्डी फाट्यावर पोळी-भाजीची पाकिटं वाटायला जायचा. घरी येऊन अंगणात अंघोळ करायचा आणि सोसायटीला सांगायचा की मेडिकलचा माल पोहोचवून आलो. खोटं बोलून चांगलं काम करावं लागत होतं.

सरकारनं जबाबदारीचा शब्द पुढे आणला तो नंतर. १५ सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘मी जबाबदार’. पहिल्या मोहिमेबद्दल मला आदर आहे. घरोघर जाणाऱ्या आशाताईंनी ऑक्सिमीटर बोटाला लावून कितीतरी जीव वाचवले, आणि मुख्य म्हणजे त्या दारात उभ्या राहून विचारत होत्या, धमकावत नव्हत्या. पण ‘कुटुंब’ पासून ‘मी’ पर्यंत येताना शब्द आक्रसला. फेब्रुवारीत गंगापूर रोडची लॉन्स पुन्हा उजळली होती. पन्नास माणसांची मर्यादा होती. जेवणाच्या तीन पंगती लावून प्रत्येक पंगत पन्नासाची धरली की नियम मोडत नाही, असा हिशेब लोकांनी केला. मी अशा एका लग्नाला गेले होते. मास्क हनुवटीवर होता. नियमाची अक्षरं पाळायची आणि त्यातला माणूस सोडून द्यायचा, हे आम्ही सुशिक्षितांनी फार सफाईनं केलं.

मार्चच्या अखेरीला नाशिक शहरात बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती सुरू झाली. एका तासासाठी पाच रुपये, तासाहून जास्त रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. पुन्हा टाळेबंदी करावी लागू नये म्हणून योजलेला हा उपाय देशभर गाजला. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता, हे मी मानते. पण इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता, तो मला इथे आठवतो. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. पूर्वी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटे, आता उशिराची किंमत ठरली होती आणि ती परवडत होती. दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. पाच रुपयांच्या पावतीनंतर मेन रोडवर गेलेल्या एका काकांनी आम्हाला सांगितलं, ‘पैसे दिलेत म्हटल्यावर तासभर फिरून घेतलं.’ त्यांना खरंतर फक्त उदबत्तीचा पुडा घ्यायचा होता.

आणि मग एप्रिल. नाशिक तेव्हा देशातल्या सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत होतं. बेड, रेमडेसिविर, सिलिंडर, एचआरसीटीचा आकडा, एवढ्याच शब्दांत माणसं बोलत होती. अमरधाममध्ये रांग होती. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन २२ रुग्ण गेले. त्या २२ जणांत मास्क लावणारेही असतील, न लावणारेही असतील. ते घरी बसले होते की लग्नाला गेले होते, हे त्या अर्ध्या तासात कुणी विचारणार नव्हतं. त्या दिवसानंतर ‘मी जबाबदार’ हे शब्द मला उच्चारता येईनात. जबाबदारी माझी आहेच. पण माझ्या हातात मास्क आहे, टाकीचा व्हॉल्व्ह नाही. व्हॉल्व्हची जबाबदारी ज्यांची त्यांनी ती माझ्या मास्कमागे ठेवता कामा नये. आणि व्हॉल्व्ह गळला म्हणून मी मास्क खाली ओढायचा, तेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानणं फार जड जातं, पण त्या दोन्ही खऱ्या आहेत.

आता मला माझं सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये मला ताप आला. संध्याकाळी शंभर, रात्री एकशे एक. घसा धरला होता. मी क्रोसिन घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. नववं कलम मीच लिहिलं होतं. वर्षभर इतरांच्या घरातल्या खोकल्याची चौकशी मी केली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा त्यांचा कचरा वेगळा उचलायचा ठराव मी मांडला होता आणि त्यांच्या मुलीनं त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आता ते सगळं माझ्या दाराशी येणार होतं. हवामान बदललंय, धुळीची अ‍ॅलर्जी आहे, असं मी स्वतःलाच पटवत राहिले. तीन दिवस. चौथ्या दिवशी वास गेला, तेव्हा चाचणी केली.

त्या तीन दिवसांत आमचे वॉचमन काका दोनदा माझ्याकडे पार्सल द्यायला आले होते. दार उघडून मी मास्कशिवाय त्यांच्याशी बोलले, कारण मास्क लावला असता तर त्यांना शंका आली असती. आठवड्यानं ते आजारी पडले. माझ्यामुळे पडले की नाही, हे कधीच कळणार नाही. ते बरे झाले, गावाला जाऊन आले. एजन्सीनं त्यांचा पंधरा दिवसांचा पगार कापला आणि कमिटीनं ते बिल तसंच मंजूर केलं. कापलेला पगार मी नंतर त्यांना दिला. त्यांनी तो घेतला आणि म्हणाले, ‘मॅडम, मला पण आदल्या दोन दिवसांपासून कणकण होती. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.’ म्हणजे त्या दाराशी आम्ही दोघं उभे होतो, दोघंही लपवत होतो, आणि मधे तो कागद चिकटवलेला होता.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी आनंदवलीतल्या ज्या गल्लीत राहतात तिथली हकिकत या पुस्तकात सर्वांत मोठी आहे. मुद्दाम मोठी ठेवली आहे. सातव्या कलमानं त्यांचं काम सुटलं तेव्हा त्या गल्लीतल्या बारा-तेरा बायका एकदमच घरी बसल्या. नळावर त्यांचं ठरलं: ज्या घरात ताप येईल त्या घरच्या बाईनं उंबऱ्यात रिकामी कळशी उपडी ठेवायची. कळशी दिसली की पाणी शेजारीण भरणार, भाकऱ्या पलीकडच्या दोन घरांतून येणार, लेकरं तिसऱ्या घरी. जाब कुणी विचारायचा नाही. पहिल्या लाटेत पाच कळशा उपड्या पडल्या. दुसऱ्या लाटेत नऊ. ‘लपवलं नाही कुणी?’ मी विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘लपवून पाणी कोण भरणार होतं, ताई?’

त्या गल्लीत दोन माणसं गेली. हे सांगणं भाग आहे. उपडी कळशी म्हणजे औषध नव्हे. तिथल्या एका बाईच्या नवऱ्यासाठी बेड शोधत तिघंजण रात्रभर फिरले आणि पहाटे रिक्षातच सगळं संपलं. गल्लीला जे करता येण्यासारखं होतं ते गल्लीनं केलं, पुढचं तिच्या हातात नव्हतं.

लसीकरणाबद्दल आणि शाळांबद्दल या पुस्तकात फार थोडं आहे. लस घ्यायला या रस्त्यावर रांगा लागल्या आणि शाळा सुटलेल्या मुलांचं मोजमाप आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. नाशिकचं साहित्य संमेलन मार्चमधून डिसेंबर २०२१ वर ढकललं गेलं आणि अध्यक्ष जयंत नारळीकर त्याला प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, याची हळहळ दोन-तीन जणांनी बोलून दाखवली, ती तेवढी घेतली आहे. हकिकतींतली नावं गाळली आहेत. काहींनी घरांचे मजलेही बदलायला सांगितले, ते बदलले. एका बाईंनी छापायला होकार दिला, नंतर नको म्हणाल्या, पुन्हा होकार दिला. त्यांचं पान शेवटचं आहे.

वाचणाऱ्यांनी क्रमानं वाचलं पाहिजे असं नाही. पण आनंदवलीची हकिकत आधी आणि सोसायट्यांच्या हकिकती नंतर वाचल्या तर बरं होईल, असं मला वाटतं. आम्ही त्या उलट क्रमानं ऐकल्या आणि मधे बराच काळ कुणाकुणाला दोष देत बसलो.

मुखपृष्ठ उलटलं की पहिल्याच पानावर तो कागद जसाच्या तसा छापला आहे. पेन्सिलीची ओळ फिकट आहे, पान उजेडाकडे धरावं लागेल. खालची सही माझी आहे.